अस्वलासमोर कोण उभे राहणार?

२०२५ च्या नोव्हेंबरात जपानच्या उत्तरेकडील अकिता प्रांताला अस्वलांच्या बंदोबस्तासाठी लष्कराची मदत घ्यावी लागली. अस्वले वस्तीत, शाळांच्या आसपास, दुकानांत शिरत होती आणि त्यांना आवरायला स्थानिक माणसे पुरत नव्हती. जवानांकडे गोळी झाडण्याचे काम नव्हते. लोखंडी पिंजरे वाहून नेणे, ते लावायला हातभार लावणे, एवढेच त्यांच्याकडे सोपवले होते. पाठोपाठ पोलिसांना रायफलीने अस्वल मारण्याची मुभा देणारा नियमबदल झाला. त्या वर्षी अस्वलांच्या हल्ल्यांत देशभरात तेरा माणसे मेली आणि दोनशेहून अधिक जखमी झाली. नोंदी ठेवायला सुरुवात झाल्यापासून इतके बळी कधी गेले नव्हते. या बातम्या जगभर 'अस्वलांचे संकट' म्हणून छापल्या गेल्या, पण त्यामागे एक दुसरे, संथपणे वाढलेले संकट आहे. अस्वल ओळखणारा, त्याचा माग काढणारा आणि वेळ आलीच तर त्याच्यासमोर जबाबदारीने उभा राहणारा शिकारी त्या देशातून हळूहळू नाहीसा होत गेला. अस्वले रानात टिकावीत असे ज्या समाजाला वाटते, त्याला हे काम करणारी माणसेही टिकवावी लागतात, आणि ती फुकटात किंवा आयत्या वेळी मिळत नाहीत, असे मला जपानच्या अनुभवावरून ठामपणे म्हणायचे आहे.

जपानमध्ये अस्वलांच्या दोन जाती आहेत. होक्काइदो बेटावर तपकिरी अस्वल राहते, तर होन्शू आणि शिकोकू बेटांवर छातीवर पांढरी चंद्रकोर असलेले काळे अस्वल. हे काळे अस्वल आपल्याला परके नाही. काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडच्या जंगलांत त्याच जातीची अस्वले आहेत. जपानमध्ये शरद ऋतूत ती बीच आणि ओक या झाडांच्या फळांवर ताव मारून चरबी साठवतात आणि हिवाळाभर गुहेत पडून राहतात. बीचला दरवर्षी फळ धरत नाही. एखाद्या वर्षी झाडे लगडतात, तर एखाद्या वर्षी सगळ्या डोंगरावर दाणा मिळत नाही. २०२३ मध्ये ईशान्य होन्शूच्या पाच प्रांतांत बीचचे पीक पूर्ण बुडाले, आणि त्या आर्थिक वर्षात २१९ माणसांवर हल्ले झाले, सहा मेली. एकट्या अकितातच सत्तर जण जखमी झाले. अस्वलाच्या मादीच्या शरीरात फळलेले बीज लगेच रुजत नाही. शरद ऋतूत तिच्या अंगावर पुरेशी चरबी चढली तरच ते रुजते. त्यामुळे सुकाळाच्या वर्षानंतर पिल्ले भरपूर होतात आणि पुढचे वर्ष दुष्काळाचे निघाले की उपाशी तोंडे वाढलेली असतात. त्यातच डोंगराच्या पायथ्याची गावे ओस पडत आहेत. अकिता हा जपानमधला सर्वांत वृद्ध प्रांत. तिथल्या दर पाच माणसांपैकी जवळजवळ दोन पासष्टी ओलांडलेली आहेत. पूर्वी गाव आणि गर्द रान यांच्यामध्ये सरपण, चारा, कोळसा यांसाठी सतत वावर असलेला, झाडोरा विरळ ठेवलेला पट्टा असे. तो पट्टा आता झुडपांनी भरला आहे, आणि परसातल्या पर्सिमनची गोड फळे उतरवायला घरात तरुण माणूस उरलेला नाही. माणूस रानात घुसला म्हणून जनावर बाहेर आले, हे आपल्या ओळखीचे सूत्र इथे लागू पडत नाही. इथे माणूस मागे हटला आणि अस्वल त्या मोकळ्या जागेत उतरले.

अस्वलाशी गाठ पडते तेव्हा नेमके काय होते, हे शिकाऱ्याच्या बाजूने पाहिले तर अनेक गैरसमज गळून पडतात. बहुतेक हल्ले अस्वल दबा धरून करत नाही. दाट झाडीत, वाहत्या ओढ्याच्या आवाजात किंवा उलट्या वाऱ्यावर दोघे अचानक समोरासमोर येतात आणि दचकलेले जनावर अंगावर येते. मादीसोबत पिल्ले असतील, किंवा अस्वल हरणाच्या मढ्यावर बसलेले असेल, तर धोका कैक पटींनी वाढतो. म्हणून जाणता शिकारी आधी रान वाचतो. झाडावर फांद्या आत ओढून-मोडून केलेली बैठक दिसली की अस्वल वर बसून फळे खाऊन गेले हे त्याला समजते. पाने किती सुकली आहेत त्यावरून ते कधी गेले याचा अंदाज येतो. विष्ठेतल्या बियांवरून ते कुठे चरते आहे हे कळते. माती आणि पालापाचोळा ओढून केलेला ढीग दिसला तर त्याखाली तपकिरी अस्वलाने झाकून ठेवलेले मढे असू शकते, आणि तिथून आल्या वाटेने निघून जाणे हाच शहाणपणा असतो. अस्वल ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास वेगाने धावू शकते, म्हणजे तीस मीटरचे अंतर दोन-अडीच सेकंदांत संपते. तेवढ्या वेळात बंदूक खांद्याला लावून, झुडपातून उसळत येणाऱ्या जनावराच्या उतरत्या कवटीवर नेम धरणे किती अवघड आहे, हे ज्यांनी बंदूक हाताळली आहे त्यांनाच कळते. काळजात गोळी बसलेले अस्वलही काही अंतर धावते. जखमी होऊन झाडीत शिरलेल्या अस्वलामागे जाणे हे या कामातले सर्वांत धोक्याचे काम, आणि ते न टाळणे हा शिकाऱ्याचा पहिला नियम, कारण मागे सोडलेले जखमी जनावर पुढच्या वाटसरूच्या वाट्याला येते.

बंदूक हाती असली की माणूस सुरक्षित, हा समज पुराव्यापुढे टिकत नाही. स्वीडन आणि नॉर्वेमध्ये १९७७ ते २०१६ या काळात तपकिरी अस्वलांनी जखमी केलेल्या माणसांत शिकारीच बहुसंख्य होते. ते शांतपणे, दाट झाडीत, बहुधा कुत्र्यांसह अस्वलाच्या जवळ जातात, म्हणून त्यांनाच जास्त इजा होते. अलास्कातल्या २६९ प्रसंगांचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांनी जवळ असूनही चालवली नाही, अशा दोन्ही गटांच्या इजांत त्यात लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच अलास्कात मिरचीच्या अर्काच्या फवाऱ्याने तपकिरी अस्वलांचा हल्ला दहापैकी नऊ वेळा थांबवला होता. म्हणजे शिकाऱ्याचे खरे बळ बंदुकीपेक्षा त्याच्या ज्ञानात असते. कुठे जायचे नाही, कोणत्या वाऱ्याला थांबायचे, कोणते अस्वल नुसते वाट चुकलेले आहे आणि कोणते माणसाच्या अन्नाला चटावलेले आहे, हे ओळखण्यात ते असते. ही ओळख पुस्तकातून येत नाही. ती एका पिढीने दुसरीला रानात फिरवून द्यावी लागते.

अकितातल्या आनी भागात असे ज्ञान जपणारा एक समाज होता आणि थोड्या संख्येने आजही आहे. त्यांना मातागी म्हणतात. वसंताच्या सुरुवातीला, डोंगरावर बर्फ असतानाच, अस्वले गुहेतून बाहेर पडू लागतात तेव्हा ते गटाने शिकारीला जात. हाकारे खालून रान उठवत अस्वलाला वर ढकलत, ठरलेल्या जागी बंदूकधारी थांबलेले असत आणि गटाच्या म्होरक्याचा शब्द अखेरचा असे. अस्वल ही डोंगरातल्या देवीने दिलेली देणगी आहे, अशी त्यांची श्रद्धा; मारल्यावर विधी होत आणि मांसाचे वाटे म्होरक्यापासून नवख्यापर्यंत सर्वांना सारखे पडत. बर्फात माग स्पष्ट दिसतो आणि झाडांना पाने नसल्याने दूरवरचे दिसते. शिवाय ज्येष्ठांसोबत नवखी मुले असत. त्यामुळे ही शिकार म्हणजे रानातली शाळाच होती. दरवर्षी कोणत्या दरीत किती अस्वले दिसली, मादीसोबत किती पिल्ले होती, हे सगळे गटाच्या स्मरणात साठत जाई. होक्काइदोचा इतिहास यापेक्षा कठोर आहे. तिथे १९१५ च्या डिसेंबरात सानकेबेत्सु या नव्या वसाहतीत एकाच तपकिरी अस्वलाने काही दिवसांत सात जणांचा जीव घेतला. पुढे १९६६ पासून सरकारने वसंतातल्या शिकारीला उत्तेजन दिले, आणि अस्वले फार घटली म्हणून १९९० मध्ये ती बंद केली. बंद करण्याचा निर्णय त्या वेळी योग्यच होता. मात्र त्यानंतरच्या तीस वर्षांत अस्वलांची संख्या दुपटीहून अधिक झाली आणि त्याच काळात बर्फावरून अस्वलाचा माग काढू शकणारी पिढी म्हातारी झाली. जनावर वाढत असताना ते ओळखणारी माणसे घटत होती, याची दखल धोरणाने घेतली नाही.

आकड्यांत ही घसरण स्पष्ट दिसते. १९७० च्या दशकाच्या मध्यात जपानमध्ये शिकारीचे परवाने असलेली पाच लाखांहून अधिक माणसे होती. आज ती दोन लाखांच्या थोडी वर आहेत, त्यातली निम्म्याहून जास्त साठीच्या पुढची आहेत, आणि नव्याने परवाना घेणाऱ्यांपैकी अनेकांकडे फक्त सापळ्याचा परवाना असतो, बंदुकीचा नसतो. जपानचा बंदूक कायदा जगातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी एक आहे. रायफल मिळवायची तर सर्वसाधारणपणे आधी दहा वर्षे छऱ्यांची बंदूक बाळगलेली असावी लागते. नागरिकांच्या सुरक्षिततेसाठी हा कडकपणा मला योग्यच वाटतो. पण त्याचा सरळ अर्थ असा की अस्वलासमोर उभा राहू शकेल असा नवा माणूस घडायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि ती तयारी सरकारने आधीपासून करायला हवी. प्रत्यक्षात गावांच्या नगरपालिका स्थानिक शिकारी संघटनेच्या सभासदांना, म्हणजे छंद म्हणून शिकार करणाऱ्या वृद्ध नागरिकांना, गरज पडली की बोलावत राहिल्या. २०२४ मध्ये होक्काइदोतल्या नाइए या गावाने अस्वल पथकासाठी दिवसाला ८,५०० येन देऊ केले, गोळी झाडावी लागली तर १०,३०० येन. तिथल्या शिकाऱ्यांनी नकार दिला. त्यांच्यावर पैशाच्या हव्यासाची टीका झाली. पण ८,५०० येन म्हणजे साधारण पाच हजार रुपये होतात, आणि जपानमध्ये तेवढ्यात एखाद्या कष्टाच्या कामाची जेमतेम दिवसाची मजुरी निघते. स्वतःची बंदूक, स्वतःची काडतुसे, स्वतःची गाडी आणि जिवाची जोखीम एवढ्या मोबदल्यात मागणे अन्यायाचे होते. जो समाज आग विझवायला अग्निशमन दल पगारावर ठेवतो, त्याने अस्वल आवरायला शेजारच्या आजोबांच्या भलेपणावर विसंबून राहू नये.

पैशाहून मोठा अडसर कायद्याचा होता. होक्काइदोतल्या सुनागावा शहरात २०१८ मध्ये नगरपालिकेच्या विनंतीवरून, अधिकारी हजर असताना, एका अनुभवी शिकाऱ्याने तपकिरी अस्वलाला गोळी घातली. गोळी घरांच्या दिशेने जाऊ शकली असती असे कारण देऊन पुढच्या वर्षी त्याचे बंदुकीचे परवाने रद्द झाले. २०२१ मध्ये जिल्हा न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला, २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो फिरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. गोळी चुकली किंवा आरपार गेली तरी ती जिरून जाईल असा मातीचा उतार जनावराच्या मागे असला पाहिजे, हा शिकाऱ्याच्या शिस्तीतला प्राथमिक नियम आहे आणि तो तपासणे हे न्यायालयाचे कामच आहे. पण या खटल्याने होक्काइदोभरच्या शिकाऱ्यांना वेगळाच धडा मिळाला. शासनाच्या सांगण्यावरून बार काढला तरी परिणाम आपल्यालाच भोगावे लागतील, हे त्यांना दिसले. पुढे मदतीला नाही म्हणणाऱ्या संघटना वाढल्या यात आश्चर्य नाही. सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्याने वस्तीत अस्वल शिरल्यास, काही अटी पाळून, गोळीबाराचा निर्णय घेण्याचा अधिकार नगरप्रमुखांना दिला. निर्णय आणि त्याची जबाबदारी निवडून आलेल्या प्रमुखाकडे आली, हे पाऊल योग्य दिशेने आहे. तरीही प्रत्यक्ष नेम धरणारा हात कुठून आणायचा, हा प्रश्न त्या कायद्याने सुटत नाही.

या मांडणीवर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की शिकार वाढवून माणूस-अस्वल संघर्ष कमी होतो याला पुरावा नाही. हा आक्षेप बऱ्याच अंशी खरा आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने १९९९ मध्ये काळ्या अस्वलांची वसंतातली शिकार बंद केली आणि २०१४ पासून टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू केली. तिथल्या अभ्यासांत शिकार वाढल्याने तक्रारी घटल्याचे दिसले नाही. रानातले खाद्य कमी-जास्त झाले की तक्रारी त्याप्रमाणे वर-खाली होत होत्या. याचे कारण शिकाऱ्याला समजायला अवघड नाही. खोल जंगलात हौशी शिकारी जे अस्वल मारतो, ते गावाच्या कचऱ्यावर जगणारे अस्वल नसतेच. म्हणून सरसकट शिकार आणि नेमकी शिकार यांत फरक करायला हवा. २०२५ च्या जुलैत होक्काइदोतल्या फुकुशिमा या गावात पहाटे वृत्तपत्रे वाटणाऱ्या माणसाला एका तपकिरी अस्वलाने मारले. काही दिवसांनी ते अस्वल मारले गेले तेव्हा डीएनए तपासणीत कळले की २०२१ मध्ये त्याच गावातल्या एका महिलेचा बळीही त्यानेच घेतला होता. त्या चार वर्षांत त्या डोंगरावरची दुसरी कितीही अस्वले मारली असती तरी या एका जनावराचा धोका तसाच राहिला असता. पूर्व होक्काइदोत 'ओसो-१८' या टोपणनावाच्या अस्वलाने २०१९ ते २०२३ या काळात ६६ गुरांवर हल्ले केले. त्याला हेरायला चार वर्षे लागली. त्याच्या मांसाच्या चटकेचे एक कारण तज्ज्ञांनी सांगितले ते असे, की शिकार करून रानात टाकून दिलेली हरणांची मढी त्याला आयती मिळत होती. म्हणजे शिकाऱ्यांच्या बेशिस्तीनेही असे जनावर घडते. मारलेल्या जनावराचा कुठलाही भाग रानात टाकायचा नाही, ही अट परवान्याइतकीच कडकपणे पाळली गेली पाहिजे, असे शिकाऱ्यांनीच पुढे होऊन म्हणायला हवे.

दुसरा आक्षेप करुणेतून येतो: मारायचे कशाला, बेशुद्ध करून दूर सोडून द्या. २०२३ च्या ऑक्टोबरात अकितातल्या मिसातो गावी एक मादी आणि तिची दोन पिल्ले एका कारखान्यात शिरून अडकली. त्यांना मारल्यावर प्रशासनाला देशभरातून संतापाचे फोन आले. या भावनेचा मी आदर करतो. प्राण्याच्या मरणाचे दुःख ज्याला होत नाही त्याच्या हाती बंदूक देऊच नये. पण भूल देणारी सुई काही मोजक्या मीटरांवरूनच नीट बसते, औषध चढायला कित्येक मिनिटे लागतात आणि त्या मिनिटांत सुई टोचलेले अस्वल बिथरून माणसांत घुसू शकते. बंद पिंजऱ्यात अडकलेल्या अस्वलाला भूल देता येते. भर बाजारातल्या मोकाट अस्वलाला देणे बहुधा जीवघेणे ठरते. दूर नेऊन सोडलेली अनेक अस्वले लांबचे अंतर कापून परत येतात, आणि ज्याला माणसाच्या अन्नाची सवय लागली आहे ते नव्या ठिकाणीही वस्तीच शोधते. मग पहिल्या गावाचे संकट दुसऱ्या गावाच्या गळ्यात पडते. प्रथमच चुकून खाली आलेल्या, पिंजऱ्यात अडकलेल्या तरुण अस्वलाला माणसाची दहशत बसवून पुन्हा रानात सोडणे योग्यच आहे. पण हे अस्वल त्या प्रकारचे आहे की चटावलेले, हे ठरवायला पुन्हा तोच जाणकार लागतो.

तिसरा आक्षेप असा, की शिकाऱ्यांना मोकळीक दिली तर अस्वलेच संपतील. इतिहास या भीतीच्या बाजूने आहे. क्युशू बेटावरून काळी अस्वले नाहीशी झाली आणि शिकोकूवर ती मोजकीच उरली आहेत. २०२३ या एका आर्थिक वर्षात जपानमध्ये नऊ हजारांहून अधिक अस्वले पकडली गेली आणि त्यांतली बहुतेक मारली गेली. हा आकडा कोणत्याही जबाबदार शिकाऱ्याला अस्वस्थ करणारा आहे. पण ही शिकार नव्हती. घाबरलेल्या गावांनी लावलेल्या पिंजऱ्यांत जे सापडले ते मारले गेले. त्यात दोषी किती आणि निर्दोष किती, हे कोणी पाहू शकले नाही. आधीची ढिलाई जितकी जास्त, तितकी नंतरची कत्तल मोठी. याच्या उलट उदाहरण ह्योगो प्रांताचे आहे. तिथे अस्वले घटली तेव्हा १९९६ मध्ये शिकार बंद झाली, वन्यजीवांसाठी स्वतंत्र संशोधन केंद्र उभे राहिले, अस्वले मोजण्याची शास्त्रीय पद्धत बसवली गेली, आणि संख्या सावरल्याचे आकड्यांनी दाखवल्यावर वीस वर्षांनी, २०१६ मध्ये, मर्यादित शिकार पुन्हा सुरू झाली. मोजणी आधी, परवानगी नंतर, आणि संख्या घसरली की पुन्हा बंदी, हा क्रम पाळला तर शिकार आणि संरक्षण एकमेकांच्या आड येत नाहीत. अस्वलाची मादी दोन-तीन वर्षांतून एकदा एक-दोन पिल्ले देते. मादी मारण्यात चूक झाली तर ती भरून यायला वर्षे जातात, हे जाणणारा शिकारीच या क्रमाचा सर्वांत खंबीर पाठीराखा असायला हवा.

शिवाय चांगल्या व्यवस्थेत बंदूक हा शेवटचा उपाय असतो, आणि त्याच्या आधीचे उपायही त्याच माणसांच्या हातून होतात. नागानो प्रांतातल्या कारुइझावा या थंड हवेच्या गावी अस्वलाला उघडता येणार नाहीत अशा कचरापेट्या बसवल्या, अस्वलांच्या गळ्यात रेडिओ पट्टे घातले, आणि खास तयार केलेल्या कारेलियन कुत्र्यांच्या मदतीने पहाटे अस्वलांना वस्तीतून रानाकडे हुसकावण्याची शिस्त लावली. तिथे कचऱ्याच्या पेट्या फोडण्याचे प्रकार जवळजवळ थांबले. त्याच प्रांतातल्या कोमोरो शहराने २०११ पासून शिकारीचा परवाना असलेला वन्यजीव-तज्ज्ञ पगारी कर्मचारी म्हणून नेमला. तो पर्सिमनची सोडून दिलेली झाडे शोधतो, झुडपे कुठे तोडायची हे सांगतो, विजेची कुंपणे तपासतो आणि गरज पडली तर बंदूकही उचलतो. एकाच माणसाकडे ही सगळी कामे असल्याने प्रत्येक अस्वलाचा इतिहास त्याच्या नोंदीत असतो, आणि गोळी झाडायची वेळ क्वचित येते. इतक्या मृत्यूंनंतर आता जपान सरकार अशा 'सरकारी शिकाऱ्यां'ची संख्या वाढवू पाहत आहे. हे वीस वर्षांपूर्वी व्हायला हवे होते.

महाराष्ट्राला यातून काय घेता येईल? विदर्भात, चंद्रपूर-गडचिरोलीपासून मेळघाट आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत, आपले काळे, लांब केसांचे, वारुळे उकरणारे अस्वल राहते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला आणि पुढे तेंदूपत्ता तोडायला माणसे रानात जातात, आणि मोहाला अस्वलही तितकेच लुब्ध असते. अकितात २०१६ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर काझुनो परिसरात बांबूचे कोंब खुडायला गेलेली चार माणसे अस्वलाच्या हल्ल्यांत मेली. रानमेव्यासाठी खाली वाकलेला माणूस आणि त्याच अन्नावर आलेले अस्वल, ही गाठ दोन्हीकडे सारखीच आहे. दोन्हीकडे जखमा बहुधा चेहऱ्यावर होतात. म्हणून गटाने, आवाज करत, नीट उजाडल्यावर जाणे, आणि हल्ला झालाच तर पालथे पडून हातांनी मान आणि तोंड झाकणे, हे नियम दोन्हीकडे कामाचे आहेत. आपल्याकडे शिकारीचा मोसम नाही आणि तो नसावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या अस्वलाला पहिल्या अनुसूचीत सर्वोच्च संरक्षण दिले आहे. पण त्याच कायद्याचे अकरावे कलम सांगते की प्राणी माणसाच्या जिवाला धोका ठरला आणि त्याला पकडणे किंवा हलवणे शक्य नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. म्हणजे अस्वलासमोर किंवा वाघासमोर कोण उभे राहणार हा प्रश्न आपल्यालाही टळलेला नाही. २ नोव्हेंबर २०१८ रोजी पांढरकवड्याच्या रानात टी-१ वाघीण, म्हणजे अवनी, बाहेरून बोलावलेल्या खासगी नेमबाजाच्या गोळीने मेली. त्यानंतरचा वाद अजून लोकांच्या लक्षात आहे. ती कारवाई योग्य होती की नव्हती यावर मते भिन्न असतील. पण अशा वेळी शासनाकडे स्वतःचे, प्रशिक्षित, लेखी कार्यपद्धतीने बांधलेले आणि नंतर उत्तरदायी ठरवता येणारे पथक असायला हवे, यावर दोन्ही बाजूंचे एकमत व्हायला हरकत नाही.

असे पथक आयत्या वेळी उभे राहत नाही. जंगलालगतच्या गावांतल्या, पिढ्यान्‌पिढ्या माग ओळखणाऱ्या आदिवासी तरुणांना वनखात्यात नियमित पगाराच्या जागा द्याव्या लागतील. ताडोबाच्या परिसरात गावपातळीवरची प्राथमिक प्रतिसाद दले काम करतात, तो पाया आहे. त्यावर अस्वलाचे वेगळे प्रशिक्षण, विमा, भूल देण्याचे आणि पिंजऱ्याचे कौशल्य आणि प्रत्येक प्रसंगाची नोंद यांची भर घालता येईल. मोजक्या जणांना बंदुकीचे प्रशिक्षण मिळावे, निर्णयाची जबाबदारी वरिष्ठ अधिकाऱ्याने लेखी घ्यावी, आणि प्रत्येक गोळीची चौकशी उघडपणे व्हावी. गोळी झाडणाऱ्याला संरक्षण आणि चौकशी या दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या पाहिजेत. एक नसेल तर कोणी पुढे येणार नाही, दुसरी नसेल तर कोणाला धरबंध राहणार नाही. जपानने आपला शिकारी म्हातारा होताना पाहिला, त्याच्या ज्ञानाची किंमत केली नाही, आणि मग एका वर्षात हजारो अस्वले व अनेक माणसे गमावली. अस्वलाचे रक्षण करायचे असेल तर त्याला सर्वांत जवळून ओळखणाऱ्या माणसाला व्यवस्थेत मानाची, पगाराची आणि जबाबदारीची जागा दिली पाहिजे. हे शांततेच्या वर्षांत केले, तरच मोहाचा बहर फसलेल्या वर्षी माणसांचेही जीव वाचतील आणि अस्वलांचेही.